भिंतीआतली बाग, मागची बारादरी



१४ जानेवारी जवळ आली, की घाटकोपरच्या रमाबाई कॉलनीपासून मुलुंड, अंधेरी, बोरिवलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत औरंगाबादला जाण्याची गडबड सुरू होते. (२०२३ पासून शहराचे सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आपल्या आयाबाया अजून औरंगाबादच म्हणतात, म्हणून आम्हीही येथे तेच लिहितो.) १९७८ साली विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. मधल्या सोळा वर्षांत किती घरे जळली, किती माणसे गेली, हे आपल्या घरांत कुणाला सांगायला नको. त्या गेटसमोर मान लववून आले, की पुढे काय? "एक दिवस हाताशी आहे, पोरांना काय दाखवावे?" असे कितीतरी वाचक आम्हाला विचारतात.

आम्ही सांगतो, लेणी तर पाहाच. पण त्याच बाजूला बिबीचा मकबरा आहे, त्याची बाग निवांतपणे बघा. हे ऐकले, की बरेच जण नाक मुरडतात. "तो बादशहाचा. आपले काय त्यात?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आजचे सदर या बागेवर.

मकबरा म्हटला, की लोक घुमटाचा फोटो काढतात, 'गरिबांचा ताज' म्हणतात आणि अर्ध्या तासात बसमध्ये येऊन बसतात. पण ही मुळात एक बाग आहे. चारी बाजूंनी उंच तटाची भिंत, आणि त्या भिंतीच्या पोटात उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर जागा. आपल्या हिशेबात सांगायचे, तर बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब. म्हणजे रुंदीत एक आख्खी लोकल मावते आणि लांबीत जवळजवळ दोन. एकरांत मोजले तर एकतीस एकर होतात. दहा बाय बाराच्या खोल्या एकीला एक लावून मांडल्या, तर अकरा हजारांहून जास्त बसतील! हा हिशेब पोरांना जरूर घालायला द्या. एका बाईच्या कबरीसाठी केवढी जागा राखली होती, ते आपल्या पोरांइतके चटकन कुणाला कळणार नाही.

या तऱ्हेच्या बागेला चारबाग म्हणतात. ही रीत इराणकडून आली. मधोमध उभे-आडवे रस्ते आणि पाण्याचे पाट काढायचे, बागेचे चार चौकोन पाडायचे, आणि पुन्हा त्यांचे लहान चौकोन. आग्र्याचा ताजमहाल बागेच्या टोकाला, नदीच्या काठावर आहे. इथे मात्र कबरीची इमारत बागेच्या मधोमध आहे. दक्षिणेला मोठा दरवाजा, त्याच्या लाकडी कवाडांवर पितळी पत्रा आणि पत्र्यावर वेलबुट्टी. आत शिरताच लहान हौद, मग कारंज्यांची लांब रांग. उरलेल्या तीन भिंतींच्या मध्यावर एकेक बारादरी. बारादरी म्हणजे बारा दारांची बैठक. सगळीकडून मोकळी, वारा खेळावा, उन्हाळ्यात सावलीला बसून पाणी आणि हिरवळ पाहावी, एवढ्यासाठीच बांधलेली. तिच्यात चूल नाही, कोठी नाही, निजायची सोय नाही. ज्यांना दुपारी बसायला वेळ होता, त्यांची ती जागा.

ही बाग कुणासाठी? औरंगजेबाची बायको दिलरस बानू बेगम, जिला पुढे राबिया-उद-दौरानी म्हणू लागले. ती १६५७ च्या ऑक्टोबरात वारली. त्याआधी महिन्याभरापूर्वी तिला पाचवे मूल झाले होते. बाळंतपणाच्या दुखण्यातच ती गेली. तिची सासू मुमताज महल, जिच्यासाठी ताज झाला, ती १६३१ साली बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. म्हणजे हिंदुस्थानातल्या या दोन नामांकित बागा बाळंतपणात दगावलेल्या दोन बायकांच्या आहेत. हकीम होते, दासी होत्या, सोन्याचांदीची भांडी होती. तरी बाई वाचली नाही. मागे एका सहलीत आमच्याबरोबर आलेल्या एका आजींना हे सांगितले, तेव्हा त्या कबरीच्या कठड्यापाशी उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, "बाळंतपणात गेली होय बिचारी! माझी थोरली जाऊबाई अशीच गेली. तिचं कुठं काय ऱ्हायलं?" बरोबरच्या तरुण मुली गप्प झाल्या. आमच्या माहितीच्या पुस्तकांत ज्यावर एक ओळही नव्हती, ते आजींनी एका वाक्यात सांगून टाकले.

कबर खाली तळघरात आहे. वरच्या मजल्यावर जमिनीला अष्टकोनी मोकळी जागा ठेवली आहे, तिथून खाली पाहायचे. भोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा. उजेड वरून झिरपत येतो. लोक नाणी टाकतात. का टाकतात, त्यांचे त्यांना ठाऊक.

तिथले गाईड सांगतात, की मुलगा आझमशहाने आईसाठी हे बांधले. इथेही पोरांना एक वजाबाकी घालून द्यावी. आझमशहाचा जन्म १६५३ चा. काम पुरे झाल्याचे साल १६६१ धरतात. म्हणजे मुलगा आठ वर्षांचा! आठ वर्षांचा पोर बांधकाम काढील कसे? तेव्हा खर्च नवऱ्यानेच केला असणार. सांगोवांगीची गोष्ट कितीही गोड असली, तरी ती सालांशी ताडून बघायची, ही सवय मुलांना याच वयात लागलेली बरी. खर्चाचा आकडा ६ लाख ६८ हजार २०३ रुपये असा जुन्या तवारिखेत दिला जातो. ताजला लागलेल्या पैशापुढे तो फारच थोडा. पण तोही रयतेच्याच घामाचा होता. त्याचे पोवाडे आम्ही गाणार नाही.

मात्र ज्यांनी ते काम हाताने केले, त्यांच्याकडे बघितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. संगमरवर जयपूरकडच्या खाणींतून आणला. टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला चालला होता. त्याने वाटेत संगमरवराने लादलेल्या तीनशेच्या वर गाड्या पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि लहानात लहान गाडीला बारा बैल होते म्हणतो. तीनशे गुणिले बारा, छत्तीसशे बैल झाले. त्यांना वैरण कुणी घातली, चाक रुतले तेव्हा खांदा कुणी दिला, घाटात दगड घसरला तेव्हा कोण चिरडले, ते त्याने लिहिले नाही.

एवढे करूनही संगमरवर सगळीकडे पुरवलेला नाही. कमरेइतक्या उंचीपर्यंत संगमरवर. तिथून घुमटाच्या बुडापर्यंत आपला काळा दगड, त्यावर चुन्याचा गिलावा. आणि घुमट पुन्हा संगमरवरी. लोक याला हसतात. 'नकली ताज' म्हणतात. आमच्या सहलीत भांडुपचे एक निवृत्त गवंडी होते, सगळे त्यांना बाबा म्हणतात. त्यांनी गिलाव्याकडे निरखून पाहिले आणि हसणाऱ्या पोरांना थांबवले.

"अरे, संगमरवर काय, पैसा टाकला की येतो. हा गिलावा बघ. चुना महिना महिना पाण्यात मुरवायचा, बैलाच्या घाणीत मळायचा, विटांची सुरकी, गूळ, बेलफळाचं पाणी घालायचं. मग थरावर थर देऊन घोटायचा. घोटता घोटता हाताची सालटं निघतात. तेव्हा कुठं दगडावर अशी काच चढते."

"बाबा, सिमेंट नव्हतं म्हणून ना?" एका मुलाने विचारले.

"सिमेंट चाळीस वर्षांत फुगतं, बाळा. आपल्या चाळीचा सज्जा बघतोस ना? हे साडेतीनशे वर्षांचं काम आहे."

आम्ही त्या पोरांकडे पाहात होतो. आजवर ज्याला ते 'बाबा बिगारीकाम करायचे' म्हणून शाळेत सांगायला लाजत होते, त्याच माणसाभोवती गोळा होऊन ते ओळंबा म्हणजे काय, गुनिया म्हणजे काय, कमान टेकू काढल्यावर पडत का नाही, असे एकामागून एक विचारू लागले. बाबांनी जमिनीवर काडीने कमानीचे दगड काढून दाखवले. मधला, सर्वांत वरचा दगड शेवटी ठोकतात, तोवर खालून लाकडी सांगाडा लागतो, हे सांगितले. अर्धा तास गेला. बसवाला हॉर्न वाजवत होता.

आणखी एक नवल दरवाजावर आहे. राजेरजवाडे आपल्या इमारतींवर स्वतःची नावे कोरून घेतात. इथे मोठ्या दरवाजावर कारागिरांची नावे आहेत. अताउल्ला हा मुख्य स्थपती आणि हंसपतराय हा इंजिनियर. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाचे नाव ताजमहालाशी जोडलेले, मुलाचे या मकबऱ्याशी. एक मुसलमान, एक हिंदू, आणि दोघांची नावे एकाच दारावर. गवंडी, बिगारी, पाथरवट, गाडीवान यांची नाहीत, हे खरेच. पण तेवढी दोन तरी आहेत.

आता पाण्याचे. बागेचा जीव पाण्यात असतो आणि ही बाग कोरड्या मराठवाड्यात आहे. तिथे कारंजी उडवायची म्हणजे पाणी उंचावरून आणायला हवे. ती विद्या या गावाला कुणी शिकवली? मलिक अंबराने. हा माणूस आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्याकडे असा बगदादवरून दख्खनेत आला, आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. मुघलांना त्याने आयुष्यभर दाद दिली नाही. १६१० साली त्याने खडकी हे गाव वसवले. त्याचेच पुढे औरंगाबाद झाले. आणि साधारण १६१७-१८ च्या सुमारास त्याने नहर-ए-अंबरी केली.

नहर म्हणजे उघडा कालवा नव्हे. शहराच्या उत्तरेच्या डोंगरउतारात जमिनीत मुरलेले पाणी भुयारातल्या पाटात गोळा करायचे, अगदी थोडा उतार देत ते गावाकडे आणायचे. वाटेत ठिकठिकाणी उभ्या विहिरीसारखी तोंडे ठेवायची, म्हणजे हवा लागते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. मध्ये उंच बंबे बांधायचे, म्हणजे पाण्याचा जोर सांभाळला जातो. इंजिन नाही, पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येते आणि उगम उंचावर असल्यामुळे खाली तोटीतून उसळते. पुढे आणखी लोकांनी अशाच नहरी काढल्या. पाणचक्कीवर गेलात, तर अशाच आणलेल्या पाण्याने पीठ दळण्याची सोय बघायला मिळते. विकल्या गेलेल्या माणसाने गावाला पाणी पाजले, ही गोष्ट पहाटे नळावर रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या भगिनींना आम्ही मुद्दाम सांगतो. याच शहरात आता कित्येक वर्षे नळाला दिवसाआड तर सोडाच, आठवड्यातून एकदा पाणी येण्याची वेळ आलेली आहे.

भिंत आणि पाणी म्हटले, की आम्हाला तिथून पंधरा किलोमीटरवरचा दौलताबादचा किल्ला आठवल्याशिवाय राहात नाही. १९३४ साल. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादला थांबले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेला हौद, भोवती दगडी फरसबंदी. प्रवासाच्या धुळीने माखलेली माणसे. त्यांनी हातपाय, तोंड धुतले आणि दाराशी गेले. इतक्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? अस्पृश्य मुसलमान झाला, तर त्यालाही या हौदाचे पाणी घेऊ देणार नाही काय? त्यावर लोक निरुत्तर झाले. अखेर किल्ल्यात सोडले ते एका अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि पहाऱ्याला हत्यारबंद शिपाई सोबत दिला! महाडचा सत्याग्रह होऊन सात वर्षे लोटली होती. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदेला जाऊन आलेले होते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. ते टिपण १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने छापले गेले. घरी सर्वांनी मिळून वाचावे असे ते आहे, आणि फार मोठेही नाही.

म्हणूनच "आपले काय त्यात?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की ज्या भिंतीच्या आत आपल्या आजोबा-पणजोबांना हातपाय धुण्याचीही बंदी होती, अशा जागी आज तिकीट काढून ताठ मानेने जायचे, हे छोटे काम नव्हे. बागेत जाण्याचा हक्क कसा मिळाला, ते पोरांना कळले पाहिजे. आमच्या उपनगरांतही अजून अशी उद्याने आहेत, की आपल्या वस्तीतली चार पोरे चेंडू घेऊन गेली, तर पहारेकरी त्यांचे कपडे बघून हटकतो. एका उद्यानाच्या फाटकावर आमच्यासमोर हे घडले आहे. नाव घेत नाही. पोरे मुकाट्याने परत फिरली, हेच आम्हाला जास्त लागले.

याच डोंगराच्या कुशीत, मकबऱ्यापासून फार दूर नाही, तिथे नागसेनवन आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. म्हणजे दौलताबादच्या त्या प्रसंगाला पुरती सतरा वर्षे झाली होती, आणि ते घडले त्याच मुलुखात. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारले. म्हणून कॉलेज मिलिंदाचे आणि परिसर नागसेनाच्या नावाचा. त्याला बाबासाहेबांनी 'वन' म्हटले, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. जेतवन, वेळुवन ही नावे ज्यांच्या कानावर आहेत, त्यांना अधिक सांगायला नको. अनाथपिंडकाने राजकुमार जेताची बाग घेतली, ती एका घराण्याच्या सुखासाठी नव्हे, तर संघासाठी. आणि तिथे ज्याला ऐकायचे असेल, तो येऊन बसत असे.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. सकाळी आधी औरंगाबादची लेणी करा. मकबऱ्याच्या उत्तरेला दोनेक किलोमीटरवर डोंगरात आहेत. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली. चौथ्या क्रमांकाचे चैत्यगृह मात्र त्याहून पुष्कळ जुने. तिसऱ्या लेण्यात भगवंतांसमोर गुडघे टेकून बसलेले उपासक-उपासिका आहेत, माणसाएवढे मोठे. त्यांचे दागिने, केसांची ठेवण, हात जोडण्याची तऱ्हा आपल्या बायकांनी सावकाश बघावी. सातव्या लेण्यात संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर आहे. पायऱ्या चढताना म्हाताऱ्या माणसांना घाई करू नका. वरून खाली पाहिले, की मकबऱ्याची बाग कागदावर काढलेल्या आकृतीसारखी दिसते. चारबाग म्हणजे काय, ते मुलांना तिथूनच दाखवा, म्हणजे आत गेल्यावर पुन्हा समजवावे लागणार नाही.

मग खाली उतरून मकबरा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. भिंतींवर नावे कोरणारे महाभाग तिथेही आहेत. आपल्यातला कुणी तसे करताना दिसला, तर तिथल्या तिथे थांबवा. कबरीपाशी आवाज करू नका. फोटो काढून झाले, की सगळे लोक जिथून परत फिरतात, तिथून आपण फिरू नका. तसेच सरळ उत्तरेला, घुमटाच्या मागे, भिंतीच्या मध्यावरच्या बारादरीपर्यंत चालत जा. तिकडे गर्दी कमी असते. आमच्या त्या आजी तिथे पोहोचल्यावर पदराने वारा घेत म्हणाल्या, "बेगमेनं बांधली का कुणी बांधली, जागा मात्र झकास निवडली." दुपारच्या वेळी सावली असते, वारा येतो, आणि समोर बागेची लांबच लांब रेघ थेट मकबऱ्यापर्यंत दिसते.

मुलुंड-घाटकोपरकरांनी ठाण्याला किंवा कल्याणला, अंधेरी-बोरिवलीकरांनी दादरला तपोवन एक्सप्रेस धरावी. परतीला रात्रीची देवगिरी बरी पडते. जानेवारीत गाड्यांना फार गर्दी असते, तेव्हा आरक्षण लवकर करा. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या.